पहिल्या सोनोग्राफीची तारीख

बोरसीच्या पंडितजींकडून सासऱ्यांनी माझ्या सिझेरियनचा मुहूर्त आणला: गुरुवार, सकाळी साडेनऊ. “कालच्या सोनोग्राफीत अडतीस आठवडे भरले,” ते म्हणाले. मी आठव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी समोर ठेवली. तिच्या हिशेबाने पस्तीसच भरले होते. “जुना कागद कशाले धरून राहिली वं?” सासूबाई करवादल्या. सासरे हसले. “पोरी, तीस वर्षं प्लांटमध्ये भट्टी चालवली मी. रीडिंग ताजंच खरं असते.” “भट्टीचं असेल, बाबा. सुरुवातीला सगळी बाळं सारखीच वाढतात, तेव्हा मापावरून काढलेली तारीख चार-पाच दिवसच चुकते. आता कोणी गुटगुटीत, कोणी बारीक. तीन-तीन आठवडे चुकते.” “डॉक्टर तयार आहे, तुले काय त्रास?” सासूबाईंनी विचारलं. “मले नाही, बाळाले. फुफ्फुसं कच्ची आहेत.” नवऱ्याने संमतीचा फॉर्म सरकवला. “कर दे ना साइन.” मी त्यावर ‘नामंजूर’ लिहिलं, खाली सही केली.