चुकीचं अक्षर

"अलकाताई, मशीन परत अडलंय," इर्शाद म्हणाला. पडद्यावर लाल ओळ आली होती: एक अक्षर चुकलं आहे, दुरुस्त करू?

गर्भातच दुरुस्ती व्हायला लागल्यापासून त्या एका चुकीच्या अक्षरामुळे होणारा आजार कुणाला होतच नव्हता. विद्यार्थ्यांना दाखवायला आता त्याचा डीएनए प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून बनवावा लागत होता. नमुना जुन्या नोंदींतून आला होता, शेवटच्या रुग्णाचा. जन्मतारीख वाचल्यावर अलकाताईंनी पुढचं काही वाचलंच नव्हतं.

"करू ना दुरुस्त?"

"नको. तसंच हवंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच 'नाही' दाबलं.

दुपारी नळी तयार झाली. आत काही आहे असं वाटतसुद्धा नव्हतं.

"लेबलवर 'सदोष' लिहू?" इर्शादनं विचारलं.

अलकाताईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. दर जूनमध्ये लेकीच्या नव्या वह्यांवर घालायच्या, तशाच वळणदार अक्षरांत त्यांनी नाव घातलं: जुई सोनटक्के. सवयीनं त्याखाली 'इयत्ता' लिहिलं, आणि पेन तिथंच टेकून राहिलं.