हात वर

"पुढचं वाक्य वाचते हं," मार्लिस कोस्की पडद्याकडे बघत गोड आवाजात म्हणाली. "'माणसं किती नेमायची, हे ठरवायचं स्वातंत्र्य वृद्धाश्रमांना हवं.' ऐकून काय वाटतं?"

लॅपटॉप खिडकीच्या कठड्यावर होता. पडद्यावर अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या वेगवेगळ्या गावांतली आठ माणसं आपापल्या स्वयंपाकघरांत बसली होती. लोकांची मतं जाणून घेणं हे मार्लिसचं काम. आजचं गिऱ्हाईक होतं वृद्धाश्रमांच्या मालकांची संघटना. दर पाळीला किती मदतनीस असायलाच हवेत, असा राज्याचा एक कायदा होता. मालकांना तो नको होता. हे कोणत्या शब्दांत सांगितलं तर लोकांना पटेल, तेवढं मार्लिसने शोधून द्यायचं होतं.

एरवी ती हे घरून करायची. पण सकाळी तिचे वडील राहत होते त्या ड्युलूथच्या वृद्धाश्रमातून फोन आला. वडील काही खात नाहीत, येऊन भरवता का? ती आली. हट्टाने, दटावून, वाडगाभर सूप त्यांच्या गळी उतरवलं. मग बैठकीची वेळ झाली. मागची खोली पडद्यावर धूसर करायची सोय असते, ती तिने केली आणि तिथेच बसली.

"स्वातंत्र्य म्हटलं की बरंच वाटतं," मॅनकॅटोचा रॉन म्हणाला.

पडद्याच्या कडेला ओळ उमटली. संघटनेचा ग्रँट लोकांना न दिसता सगळं ऐकत होता आणि मार्लिसला लिहून सूचना देत होता. 'छान. याला अजून बोलतं करा.'

तिने रॉनला बोलतं केलं. तेवढ्यात मागून तिची बाही ओढली गेली.

"मार्लिस," पलंगावरून तिचे वडील, एइनो, पुटपुटले. "झालं गं."

वास तिला आधीच आला होता. तिने न वळता पलंगाजवळची घंटा दाबली. थोड्या वेळाने पुन्हा दाबली. दाराबाहेरचा लाल दिवा लागलेलाच होता. अख्ख्या मजल्याला एकच मदतनीस मुलगी होती आणि ती दुसऱ्या टोकाला कुणालातरी भरवत होती. एइनोंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

"जरा थांबू या," मार्लिस म्हणाली. "तेवढ्यात कॉफी घ्या सगळे." तिने कॅमेऱ्याची आणि आवाजाची बटणं दाबली, हेडफोन कठड्यावर टाकला आणि कपाटातले हातमोजे काढले.

"इसा," तिने वडिलांना लहानपणापासूनची फिनिश हाक मारली, "कुशीवर हो."

"तू नको गं. कुणालातरी बोलाव."

"बोलावलं. कोणी येत नाहीये."

"मग राहू दे असंच."

"काहीतरीच काय!" तिने पांघरूण ओढलं. घाणीचं तिला काही वाटलं नाही, घाण धुतली जाते. पण माकडहाडावरची कातडी सोलून निघाली होती. तळहाताएवढी जागा लालभडक, ओली. एका दिवसात असं होत नाही.

"हे कधीपासून आहे?"

ती ओल्या कापडाने टिपत राहिली. एइनो दात आवळून होते. आयुष्यभर बंदरात जहाजांवर लोहखनिज चढवलेला माणूस.

"म्हणून तर खात नव्हतो," शेवटी ते म्हणाले. "खाल्लं की हे होतं. मग पडून राहायचं त्यातच. तू उगाच भरवलंस."

तिने त्यांना धुतलं, पुसलं, स्वच्छ सदरा घातला, पाठीशी उशी दिली. चादरीची मोळी करून दाराबाहेर ठेवली. मग परत येऊन हेडफोन कानाला लावला आणि तिच्या लक्षात आलं. बंद झाला होता तो फक्त कॅमेरा. आवाज चालूच होता.

तिने कॅमेरा सुरू केला. कॉफी कुणीच घेतली नव्हती. रॉन खाली बघत होता. बमिजीची थेल्मा, सगळ्यांत म्हातारी, डोळे पुसत होती.

"पोरी, आम्ही ऐकलं सगळं," थेल्मा म्हणाली. "लाजू नकोस. अशा वेळी आपल्या माणसाला आपल्याच माणसाचा हात लागतो बघ. परक्याचा नाही चालत."

"खरंय," कुणीतरी म्हणालं.

पडद्याच्या कडेला ओळी भराभर उमटल्या.

'वा! हेच वाक्य! आपल्या माणसाला आपल्याच माणसाचा हात! कायद्याचं नावसुद्धा नाही आणि मदतनिसांची गरजच संपली. लगेच कौल घ्या. सगळे हळवे झालेत तोवर.' आणि खाली, 'तुमचे वडील बरे आहेत ना?'

हातमोज्यांच्या रबराचा वास अजून बोटांना होता. लॅपटॉप धाडकन मिटावा, खिडकीतून खाली टाकावा, असं तिला वाटलं. तिने झाकणाला हातही लावला. पण तोवर तोंड उघडलं होतं आणि त्यातून तोच वर्षानुवर्षं घोटलेला, मधाळ आवाज बाहेर पडला.

"थेल्मा जे म्हणाल्या, ते ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. उंच, अगदी मनापासून. रॉनने दोन्ही. मार्लिसकडे बघून ते मायेने हसत होते.

मागे उशीला टेकलेल्या एइनोंना पडद्यावर एवढी माणसं हात उंचावलेली दिसली. कोण आहेत, त्यांना कळलं नाही. आपला निरोप घेताहेत असं वाटून त्यांनीही आपला हात हळूहळू वर केला.