दाराचे नऊ सेकंद

"चार सेकंद करा. बास," ती म्हणाली.

लिफ्टवाला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लिफ्टच्या कंट्रोल पेटीसमोर उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली नाही. "तक्रार तुमचीच ना, ताई?"

"माझीच. दीड महिन्यापूर्वीची. गोगलगायीवर बसून आलात का दादा?"

दीड महिन्यापूर्वी तिला त्या दाराचा खरंच वीट आला होता. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर यायची, दार उघडायचं आणि उघडंच राहायचं, आ वासून. आणि तिला तर थांबणं मुळातच जमत नव्हतं. शाळेतही जमलं नाही. दहावीच्या आधीच सोडून मोकळी झाली. आईबाबांनी घर डोक्यावर घेतलं. आजोबा तेवढे काही बोलले नाहीत.

चौतीस वर्षं लिफ्ट बसवणारा माणूस. रिटायर झाले तरी खिशात टेस्टर. आईचा मिक्सर, बाबांची इस्त्री, हिच्या सायकलची चेन, सगळं त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायचं. आधी कान लावून आवाज ऐकायचे, मग हात लावायचे. माणसांच्या बाबतीतही तसंच.

रोज सकाळी आठला ते फिरायला निघायचे.

"चल."

"नाही येणार."

की वाद खलास. ते लिफ्टमध्ये जाऊन गप उभे राहायचे. ही घराच्या दारात, हाताची घडी, तोंड फुगलेलं. समोर लिफ्टचं दार काही मिटायचं नाव घ्यायचं नाही. शेवटी हीच वैतागायची, चपला सरकवायची आणि आत घुसायची.

"दार आहे का मस्करी आहे ही?"

"म्हातारं झालंय," आजोबा म्हणायचे. "माझ्यासारखं."

मग दोघं तासभर चालायची. आजोबा जगातलं सगळं बोलायचे, शाळेचा विषय मात्र काढायचे नाहीत. परत येईपर्यंत तिचं तोंड नीट झालेलं असायचं.

तिने तक्रार दिली आणि पंधरा दिवसांत आजोबा गेले. झोपेतच, कुणाला न सांगता. त्याचा तिला इतका राग आला की रडायचंच राहून गेलं. अजूनही आठ वाजले की ती दारात येऊन उभी राहायची. कधी शेजारच्या काकू लिफ्ट बोलवायच्या. दार उघडायचं, आत कुणी नाही, आणि ते रिकामं खोकं तिच्याकडे बघत बसायचं. तिला ते सोसवत नव्हतं. मिटायचंय ना, मग झटकन मीट!

"दाराला काही झालेलं नाही," लिफ्टवाला म्हणाला. "नेहमी चार सेकंदच असतात. इथं कुणीतरी मुद्दाम नऊ लावलेत. सेटिंग बदलल्याची नोंदवही असेल ना?"

वही खिळ्याला लटकत होती. तिने काढून दिली.

"कोण लिहायचं हे?"

"दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर. वारले." 'माझे आजोबा' म्हणायचं तिने टाळलं.

"आम्हाला शिकवलंय, कारण वाचल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही." त्याने पानं उलटली आणि वाणसामानाची यादी वाचावी तसं वाचायला लागला. "चाराचे सात. कारण, बायकोचा गुडघा." पुढचं पान. "साताचे चार. कारण, आता गरज नाही."

आजी गेली तो महिना. तिला आठवलं, तेव्हा एक दिवस आजोबा एकटेच इथं गच्चीवर आले होते आणि कितीतरी वेळ खाली आले नव्हते.

"आणि हे शेवटचं. चाराचे नऊ." त्याने तारीख वाचली. तिने शाळा सोडली त्यानंतरचा चौथा दिवस.

"कारण, नात. रुसून दारात उभी राहते. चार सेकंदांत राग उतरत नाही. सहातही नाही. आठाला पाय हलतो. एक सेकंद चपलांसाठी."

लिफ्टवाला खदखदून हसला. "काय माणूस असेल! राग मोजून ठेवलाय की!" त्याने पुन्हा पेटीत हात घातला. "ही नात राहते का हो अजून इथं? गेली असेल तर करून टाकतो चार."

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"राहते."

"मग? नऊच ठेवू?"

"नऊ नाही पुरायचे आता," ती म्हणाली. "वाढवा."