सोबतीचा मासा

"आधी टाकीत कोण आहे ते सांगा, भाभीजी," विपुल म्हणाला. "मग नवं कोण टिकेल ते मी सांगतो."

इंदूरच्या तुकोगंजातल्या त्या माशांच्या दुकानात नीरजा पहिल्यांदाच आली होती. भिंतभर काचेच्या टाक्या, खाऱ्या पाण्याचा वास आणि पंपांची सारखी गुरगुर.

"एकच मासोळी आहे. गडद लाल, मरून क्लाउन. चांगली मोठी आहे."

"मग मादीच असणार." विपुल हसला. "मरूनची मादी म्हणजे पूरी टाकी तिचीच. दुसरा क्लाउन तर चुकूनही नेऊ नका, मारून टाकेल. डॅमसेल पण नको, ते स्वतःच भांडखोर. तिच्या वाटेला जाणार नाही असा कोणी पाहिजे. हा गोबी बघा, वाळूत राहतो. तो खाली, ती वर. आपापलं घर."

नीरजाने गोबी घेतला.

देवासच्या शाळेत शिकवताना लग्नाचा विचार तिने सोडूनच दिला होता. चाळिशीला टेकल्यावर संजीवचं स्थळ आलं. विधुर, बँकेत नोकरी, बोलायला मऊ, अन्नपूर्णा मंदिराजवळ स्वतःचं घर, मागेपुढे कोणी नाही. बायको तापात गेली, तिचं नाव शमिका, एवढंच त्याने सांगितलं. नीरजाने पुढे विचारलं नाही.

घरात शमिकाचा फोटो नव्हता, एखादी साडीसुद्धा नव्हती. होती ती बैठकीतली टाकी. निळा उजेड, दगडांवर डोलणारी प्रवाळं आणि समुद्रफुलात बसून बाहेर बघणारी ती गडद लाल मासोळी. नीरजा स्वयंपाकघराकडे निघाली की ती काचेच्या त्या टोकाला यायची. दिवाणावर बसली की या टोकाला.

"शमिकाचा फार जीव होता तिच्यावर," संजीव म्हणाला होता. "राहू दे तिला."

राहू दे, पण एकटीच का? या घरात आपल्या हातानं आणलेलं काहीतरी असावं, असं नीरजाला वाटू लागलं होतं. तिने गोबीला हलकेच पाण्यात सोडलं. तो वाळूत शिरला तेव्हा तिला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं.

सकाळी गोबी फरशीवर पडलेला होता. वाळून कडक झालेला.

संजीवने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्याला अलगद उचललं. "तिला सहन होत नाही कोणी," तो म्हणाला आणि दात घासायला गेला.

"मागे लागली असेल, घाबरून उडी मारली," विपुलने समजावलं. "होतं असं. वर जाळीचं झाकण लावा. आणि या वेळी फायरफिश न्या. एकदम गरीब, कोणाच्या अध्यातमध्यात नाही."

नीरजाने जाळी बसवली, चारी बाजूंनी चिमटे लावले. फायरफिश दुसऱ्या सकाळी टाकीमागे मेलेला सापडला. जाळी जागच्या जागी होती. चिमटे तसेच होते.

नीरजा बराच वेळ काचेसमोर उभी राहिली. आतून ती बघत होती.

"बाई," नीरजा पुटपुटली, "मी तुझं काही घेतलेलं नाही गं."

त्या शुक्रवारी तिने टाकीच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं. सवाष्ण गेलेली बाई, तिचा मान ठेवायला हवा. संध्याकाळी पाहिलं तर कोणीतरी ते स्वच्छ पुसून काढलं होतं. तिने संजीवला विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. आता एकटी असताना बैठकीत बसायचं ती टाळू लागली. भांडी घासतानासुद्धा मागे कोणी उभं आहे असं वाटायचं.

विपुलने शेवटचा उपाय सांगितला. "मादीलाच थोडे दिवस माझ्याकडे ठेवा. नव्याला आधी घर बसवू द्या. मग ती परत आली की तीच पाहुणी होईल. बऱ्याचदा काम करतं हे."

संजीव बँकेत गेल्यावर नीरजाने मादीला झाकणाच्या बादलीत घेतलं आणि दुकानात पोचवलं. येताना एक छोटा निळा क्रोमिस आणला. रिकाम्या टाकीत तो भिरभिर फिरला. त्याला त्रास द्यायला आता कोणीच नव्हतं.

सकाळी तोही फरशीवर होता.

संजीव चहा घेत होता.

"तू तिला घराबाहेर काढलंस ना?" त्याने शांतपणे विचारलं. "तिला आवडलं नाही ते. परत आण तिला."

"कोणाला आवडलं नाही?"

त्याने कप धुऊन पालथा घातला. "आज लवकर येतो मी," तो म्हणाला.

नीरजा तडक दुकानात आली. "भिया, माझी मछली द्या. नवं काही नको आता."

"अरे, पण ही तर इथे एकदम शांत आहे!" विपुलने टाकी दाखवली. मादी एका कोपऱ्यात संथ पोहत होती. दोन गोबी तिच्या पोटाखालून निवांत ये-जा करत होते. "एकालाही हात लावला नाही तिने. आणि ऐका, काल मी नीट पाहिली. शेपटीचा कोपरा तुटलाय ना, त्यावरून ओळखली. ही आधीपण आली होती माझ्याकडे. हीच तक्रार, नवे मासे जगत नाहीत म्हणून."

"शमिका घेऊन आली होती?"

"हां, शमिका मॅडम! खूप दिवसांत आल्या नाहीत. कशा आहेत?"

ते नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून नीरजाला उगाच धीर आला. "त्या वारल्या," ती म्हणाली. "माझ्या मिस्टरांची पहिली बायको. ही त्यांचीच मछली."

विपुलचा जाळी धरलेला हात पाण्यातच राहिला.

"पहिल्या कशा, भाभीजी?" तो हळू आवाजात म्हणाला. "ही मछली साहेबांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची आहे, असं तर शमिका मॅडमनीच मला सांगितलं होतं."