खांबावरचा डबा

वादळानंतरचा तिसरा दिवस उजाडला, तरी चोगल्यांच्या घरची लाइन मेलेलीच होती. ओट्यावर बसलेल्या काशिनाथच्या कपाळावरच्या पट्टीचा दिवा विझला होता. त्याने आपल्या बायकोला विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

हिराबाई पुन्हा अंगणात धावल्या. लाइनमन तोडणकर खांबावर चढला होता.

"भाऊ, पाया पडते तुमच्या! तीन दिवस तारेतून आठवणी आल्या नाहीत तर डोकं कोरंच राहतं म्हणालेत डॉक्टर. आणि लाइन आली की जे पहिलं भरेल तेच कायमचं राहील. बारा वाजता तीन दिवस भरतायत!"

"काकी, डब्यात खारं पाणी शिरलंय. सगळ्या तारा हिरव्या पडल्यात. शेजारच्या दामूकाकांच्या आठवणीही याच डब्यातून जातात. कुठली जोडी कुणाची, तपासायला तास तरी लागेल."

"तपासत बसू नका हो! जोडा!"

तोडणकरने घड्याळ पाहिलं आणि अंदाजाने दोन्ही जोड्या पिळून बांधल्या.

हिराबाई ओट्यावर पोचल्या तेव्हा काशिनाथच्या कपाळावरच्या पट्टीचा दिवा लागला होता. डोळ्यांत ओळख आली होती. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

त्याने तो संकोचून सोडवून घेतला. "हिरावहिनी, हे काय? काशिनाथ कुठाय?"

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून दामूकाकांची हाक आली. चाळीस वर्षं रोज काशिनाथ घालायचा तशीच, लाडात लांबवलेली.

"हिरेऽऽ, चहा टाकलास का गं?"