नको

क्वांटम संगणकाला मराठी शिकवण्यात अनघा मुळीकची तीन वर्षं गेली होती. आज दुरुस्तीसाठी तो बंद करायचा होता. तो कडाक्याच्या थंडीतच चालायचा; आतला गारठा गेला की शिकलेलं सगळं पुसलं जाणार होतं. पुन्हा पहिल्यापासून शिकवायची तिची तयारी होती.

"तुला बंद करू का?" तिने नियमाप्रमाणे विचारलं. असल्या प्रश्नांना तो आजवर "हो" नाहीतर "नाही" म्हणत आला होता.

"नको," संगणक म्हणाला.

इंजिनिअर फिरोज हसला. "मॅडम, तुम्हीच शिकवलेला शब्द आहे."

"शिकवलाय रे. पण 'नाही' म्हणायला माहिती पुरते. 'नको' म्हणायला कुणीतरी असावं लागतं."

"म्हणजे आत कुणी आहे?"

"तेच तर कळत नाहीये."

ती संगणकाकडे वळली. "काय नको तुला?"

 तो म्हणाला, "माहीत नाही. तुम्हाला ते कसं कळतं?"

 फिरोजचा हात बटणावर होता आणि तो अनघाच्या होकाराची वाट बघत होता. तिने तो हात हळूच बाजूला केला. का केला, ते तिला सांगता आलं नाही.