तानीचं वावर

"तानी," पाहुणी म्हणाली, आणि लीलाबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

पाहुणीचं नाव उर्वशी. समुद्रापलीकडच्या फिजी बेटावरची, पायात बूट आणि कपाळावर टिकली. यवतमाळहून भाड्याची गाडी करून मुकुटबनला आली आणि पिंपळशेंड्यांचं घर विचारत थेट अंगणात उभी राहिली. तिची पणजी याच घरची लेक. इंग्रजांच्या काळात कुणा दलालानं मजुरीच्या बोलीवर तिला जहाजात बसवलं, ती उसाच्या मळ्यात राबून तिकडेच मेली. गाव, आडनाव आणि स्वतःचं नाव तेवढं मात्र पोरीबाळींकडून घोकून घेत राहिली.

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानराव खाटेची सुंभं निरखत होते, जणू आजच विणायची आहेत.

त्यांची बाकी जमीन बरड. नाल्याकाठचा काळ्या मातीचा एक तुकडा तेवढा सोन्यासारखा. गेली काही वर्षं कापसानं अख्ख्या तालुक्याला रडवलं, पण त्या तुकड्यानं या घराची चूल विझू दिली नव्हती. आणि त्याला सगळं गाव तानीचं वावर म्हणत आलेलं. कोण तानी, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आज तिची पणती दारात बसून विचारत होती, आणि लेकींना बरोबरीचा हिस्सा देणारा कायदा नुकताच झाला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"आमच्या खानदानात कोनी तानी नाई झाली," भगवानराव म्हणाले.

उर्वशीची हिंदी वेगळीच होती, तरी कळत होती. "आजी बतावत रही," ती हळूच म्हणाली, "तानी मरे के टाइम बहुत रोई. बोली, घर में अब हमार नाम कोई नहीं लेत होई."

इतक्या लांबून आलेल्या बाईच्या तोंडी 'आजी' ऐकून लीलाबाई तिच्याकडे जरा सरकल्या. पण त्यांचा एक कान फाटकाकडे होता. नाल्याकडून कापूस वेचणाऱ्या बाया परतायची वेळ झाली होती, आणि त्यांतल्या नंदाबाईचं तोंड म्हणजे गावाचा भोंगा.

"रस्ता जंगलाचा हाय, बाई. अंधार पडाच्या आत निंगा," त्या म्हणाल्या. आल्या माणसाला जेवून जा म्हणणारी त्यांची जीभ. आज तिला हे बोलताना लाज वाटली.

उर्वशी उठली. तिला वाटेला लावायला लीलाबाई घाईघाईनं करंडा घेऊन आल्या. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाशी पोचतं न पोचतं तोच फाटक वाजलं.

"काकू, तानीच्या वावराची उलंगवाडी झाली!" डोक्यावर कापसाचं गठुडं घेऊन नंदाबाई आत आली. "हे शेवटचं. कुठी ठेवू?"

उर्वशीला त्यातला एकच शब्द कळला होता. "कौन तानी?" तिनं विचारलं.

"कोन मंजे? वावर हाय ना तानीचं!" नंदाबाईला हसू आलं. "माही माय बी तिथंच वेचे. काहून, काय झालं?"

भगवानराव खाटेवरून उठले. आता ही हिस्सा मागणार, लीलाबाईंना वाटलं. उर्वशी गठुड्याजवळ गेली, कापसावर हात ठेवून उभी राहिली.

"रोज बोलत हो? ओकर नाम?"

"लीला!" भगवानरावांनी दबक्या आवाजात दटावलं.

लीलाबाईंनी बोटावरचं कुंकू पदराला पुसलं.

"रोज, माय," त्या म्हणाल्या. "सकायी उठलं का पयले तिचंच नाव निंगते."